वाडग्याच्या कॅमेऱ्यात दिसलेली खोली

आमचं दुकान नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याला. बियाणे कंपन्यांची गोदामं, आडत्यांच्या पेढ्या, पतसंस्था आणि अलीकडे साधी घरं, सगळीकडे आम्ही कॅमेरे बसवतो. खांबावर चढायचं काम माझं नाही. कॅमेरा बसला की तो गिऱ्हाइकाच्या मोबाइलला जोडून द्यायचा, पासवर्ड घालायला शिकवायचं आणि रोज सकाळी सगळे कॅमेरे चालू आहेत का ते बघायचं, एवढं माझ्याकडे.

कॅमेऱ्यातलं चित्र थेट आमच्या दुकानात येत नाही. ते इंटरनेटवरून दूरच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर, त्यानं मुभा दिली तर आमच्याकडेही. ती कंपनी नेमकी कुठे आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मालकांनाही नव्हतं. तिच्या एकाच यंत्रणेत कुणाकुणाचे कॅमेरे असायचे. "म्हणजे माझं गोदाम दुसऱ्याला बी दिसंल की," असं एखादा आडत्या म्हणायचा. मी त्याला सांगायचे, "लॉजसारखं आहे काका. इमारत एक, खोल्या शंभर. ज्याची किल्ली त्याच्याकडे." हे मी इतक्या जणांना सांगितलं होतं की मलाही त्यात विचार करण्यासारखं काही वाटेनासं झालं होतं.

आईवडील हसनाबादला असतात. आमच्या घरचे पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. आता थोडी शेती आहे आणि आबांनी, म्हणजे वडिलांनी, हौसेनं ठेवलेली काही मेंढरं, शेळ्या. घरामागे शेताच्या कडेला त्यांचा वाडगा आहे, काटेरी कुंपणाचा. आसपासच्या शेळ्या चोरीला जायला लागल्या तेव्हा मी तिथे एक कॅमेरा बसवून घेतला. त्यात माइक होता, स्पीकरही होता. मोबाइलवर बटण दाबून बोललं की माझा आवाज थेट वाडग्यात निघायचा. आबा फोन जवळ बाळगत नाहीत, त्यामुळे मला ही सोय फार आवडली. दुपारी डबा खाताना मी कॅमेरा उघडायचे आणि म्हणायचे, "आबा, जेवलात का?" ते कॅमेऱ्याकडे बघून हात वर करायचे. सुरुवातीला मेंढरं बिचकायची. मग त्यांनाही सवय झाली.

एका दुपारी तिकडची वीज गेलेली होती. कॅमेरा बंद दाखवत होता. थोड्या वेळानं तो चालू झाला म्हणून मी उघडला.

वर ‘हसनाबाद वाडगा’ हे नाव होतं, मीच टाकलेलं. खाली तारीख बरोबर होती, वेळ बरोबर होती, सेकंद पळत होते. पण समोर वाडगा नव्हता. खोली होती. हिरव्या रंगाची भिंत, लोखंडी पलंग, चादरीनं झाकलेलं शिलाई मशीन. पलंगावर पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा माणूस पाठमोरा बसला होता. आणि त्याच्यापलीकडे भिंतीला टेकून काळा कोट घातलेलं कुणीतरी उभं होतं. त्याला डोकं नव्हतं.

वर पंखा फिरायला लागला होता. त्या कोटाची एक बाही जराशी हलली, तेव्हा कळलं की तो हँगरला टांगलेला नुसता कोट आहे. सवयीनं मी बटण दाबलं आणि म्हणाले, "आबा?"

पलंगावरच्या माणसानं सावकाश मान वळवली. थेट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हां बेटा."

मी ॲप बंद केलं. पुन्हा उघडलं तेव्हा वाडगा होता. आबा दगडावर बसून दोरी वळत होते. मी आईला फोन केला, म्हटलं वाडग्यात कुणी आलंय का. "कोन येतंय? तुझे आबा हायेत अन् त्यांची मेंढरं. कामून?" मी फोन ठेवला.

त्या रविवारी हसनाबादला गेले तर कॅमेऱ्याखाली लिंबू-मिरची बांधलेली. मी आईकडे बघितलं. आईनं आबांकडे बघितलं.

"इचारा तिला," आई म्हणाली. "इचारा, ती बोलते का ते."

आबा जरा हसले. मग सांगायला लागले. "तू आबा म्हनून हाक मारतीस, तशी एक हाक आली. म्या हां म्हनलं. मला वाटलं तूच, सर्दी झाली असंल. मंग दुसऱ्या रोजी पुन्हा तीच हाक. अन् म्हनती, दवाई खाये क्या? आता तू कामून असं बोलशील?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या काय म्हननार? म्हनलं, बाई, मला कायची दवाई? म्या चांगला हाये. तर ती गप झाली. अन् मंग जोरात वरडली, ये बकरियां कायकू दिखरी? मंग बंद."

ती आबा म्हणत नव्हती, अब्बा म्हणत होती. मी वाडग्यात उभी होते, मेंढरं पायाशी घुटमळत होती आणि त्या छोट्या पांढऱ्या कॅमेऱ्याकडे मला बघवेना. मी ती खोली बघत होते तेव्हा त्या माणसाची मुलगी आमचा वाडगा बघत होती. मी माझ्या बापाला हाक मारली ती तिच्या बापानं ऐकली. तिनं तिच्या बापाला मारलेली हाक माझ्या बापापाशी आली होती. आणि दोघांनीही ओ दिली होती.

मी आईला समजावलं की ही भुताटकी नाही, मशीनमधली चूक आहे. आई म्हणाली, "चूक असू दे नाहीतर काय असू दे. आपल्या घरात न दिसनारं मानूस बोललं ना? मंग लिंबू राहू दे."

सोमवारी मी त्या सर्व्हरवाल्या कंपनीकडे तक्रार केली. जे घडलं ते सगळं लिहिलं, खोलीत काय काय दिसलं तेही. उत्तर आलं की आमच्या यंत्रणेत एकाचा कॅमेरा दुसऱ्याला दिसणं शक्य नाही, तुमच्या गिऱ्हाइकानं पासवर्ड कुणाला तरी दिला असावा. गिऱ्हाईक मीच होते. मी पुन्हा लिहिलं. तक्रार बंद झाल्याचा संदेश आला.

मालकांना सांगितलं तर त्यांनी आधी दुकानाचं दार लोटून घेतलं. "हे बघ, आपले सगळे गोदामवाले त्याच कंपनीवर हायेत. एकाच्या गोदामात काय माल पडलाय हे दुसऱ्याला दिसतंय, एवढी नुसती हूल उठू दे, बघ. तू बिलकुल बोलू नको कुठं."

"पण खरंच दिसत असेल तर?"

"दिसलं का कुनाला? कुनी आलं का सांगत?" ते म्हणाले. मग खुर्चीत बसत, "मला बी झोप न्हाई लागायची आता. पन तू पक्कं काय ते शोध. मंग बघू."

मी शोधायला लागले. एवढं लक्षात आलं की हे एरवी होत नाही. तिकडे वीज गेली आणि परत आली की त्यानंतरच्या थोड्या वेळात होतं. मग आपोआप सरळ होतं. म्हणून मला वाटलं, तो माणूस हसनाबादच्याच आसपास असणार, एकाच लाइनीवर. आईनं ओळखीच्या बायकांना विचारलं. हिरव्या भिंतीची खोली, शिलाई मशीन, काळा कोट. कुणाला माहीत नव्हतं.

वीज आली की मी तो कॅमेरा उघडायचे. कधी वाडगा असायचा, कधी खोली. खोली असली की तो माणूस असायचा. नमाज पढून उठलेला, कधी सुईत दोरा ओवत असलेला. मी बोलत नसे. काय बोलणार? चाचा, मी तुमच्या घरात आहे? आणि तेवढाच वेळ आमच्या वाडग्याकडे कुणीतरी बघत असेल, हे मनातून जात नसे. गिऱ्हाइकांनी मुभा दिलेले बाकीचे कॅमेरे मी दुकानात भिंतीवरच्या टीव्हीवर लावून ठेवते. गोदामं, गल्ले, जिने. पूर्वी ती मला आमची वाटायची. आता एखादं रिकामं गोदाम दिसलं की वाटायचं, हे ह्या क्षणी अजून कुठल्या टीव्हीवर चालू असेल?

मग तो दिवस आला. दुपार होती, हसनाबादची वीज नुकतीच आली होती. मी कॅमेरा उघडला तर खोली. पलंग रिकामा. काळा कोट पंख्याच्या वाऱ्यावर हेलकावत होता. पलंगावर मोबाइल वाजत होता, त्याचा आवाज मला स्पष्ट येत होता. कुणी उचलत नव्हतं. वाजून थांबायचा, पुन्हा वाजायचा. मी चित्र मोठं केलं. शिलाई मशीनच्या मागून दोन पावलं बाहेर आलेली दिसत होती.

मी बटण दाबलं. "चाचा! चाचा, ऐकू येतंय का?"

एक पाऊल हललं. बस, तेवढंच.

मला पत्ता माहीत नव्हता, नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. पोलिसांना काय सांगणार होते? आणि तो मोबाइल वाजतच होता. मग एकदम डोक्यात आलं की तो फोन तिचाच असणार. तिला अब्बा दिसत नाहीयेत, मेंढरं दिसताहेत, म्हणून ती फोन करतेय.

मी आईला फोन लावला. "आई, पळत वाडग्यात जा. फोन चालू ठेव. आबांना म्हणावं, कॅमेऱ्यासमोर उभं राहून ओरडा."

"काय वरडू?"

"त्या बाईचे वडील पडलेत म्हणावं. खोलीत पडलेत."

आई लगेच निघाली. तिची धाप ऐकू येत होती, चपलेचा आवाज, मग मेंढरं. मग आबांचा आवाज, एवढा मोठा मी लहानपणापासून ऐकला नव्हता. "ओ बाई! ऐकून राह्यली का? तुझे अब्बा गिरे! खोलीत गिरे! जल्दी कुनाला तरी पाठव!"

माझ्या समोरच्या खोलीतला मोबाइल वाजायचा थांबला. मग आईच्या फोनमधून, म्हणजे तिथल्या कॅमेऱ्यातून निघालेला, एका बाईचा बारीक आवाज मला ऐकू आला. "कौन बोलरे? कौन हो तुमे?"

"हसनाबादचा हाये म्या. ते सोड. आधी मानूस पाठव!"

त्यानंतरचा वेळ मला मोजता आला नाही. मी मधून मधून बटण दाबून "चाचा, लोक येतायत" एवढं म्हणत राहिले. मालक माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. मग खोलीच्या दारावर धक्के बसले, कडी तुटली. डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई आणि दोन माणसं आत आली. त्यांनी त्याला उचललं. त्यातल्या एकानं वर बघितलं, थेट कॅमेऱ्यात, आणि तेवढ्यात चित्र तुटलं.

पुढच्या क्षणाला वाडगा आला. आबा कॅमेऱ्यासमोर उभे होते, हातात टोपी, अजून ओरडत होते. सगळी मेंढरं पार पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी होती. आई मघापासून कॅमेऱ्याला आपला मोबाइल नंबर सांगत होती, एकेक आकडा सावकाश, लहान मुलाला सांगावा तसा.

संध्याकाळी तिचा फोन आईला आला. ती हैदराबादला नोकरी करत होती, अब्बा अंबडला एकटे राहत होते; शेजाऱ्यांना तिनंच फोन करून धाडलं होतं. हसनाबादच्या जवळ नाहीतच. दोन्हीकडची वीज तेवढी त्या दिवसांत एकाच सुमाराला येत होती. साखर उतरून ते पडले होते, कमरेचं हाड मोडलं होतं, पण जीव वाचला होता. आई बोलत होती आणि ती पलीकडून रडत होती, असं आईनं सांगितलं.

तिनंही त्या कंपनीकडे आधीच तक्रार केलेली निघाली. तिलाही तेच उत्तर आलं होतं. आता आम्ही दोघींनी मिळून लिहिलं, दोन्हीकडचे फोटो आणि वेळा जोडून. तेव्हा कुठे त्यांच्या एका इंजिनिअरचा मला फोन आला. तरुण आवाज होता, मराठी बोलत होता. त्यानं आमच्या कॅमेऱ्याचा नंबर वाचायला सांगितला. मग बराच वेळ तो टाइप करत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "वीज आली की कॅमेरे एकदम झुंडीनं परत जोडले जातात. तेव्हा यंत्रणा घाईत पूर्ण नंबर बघत नाही, फक्त शेवटचे आकडे बघते. तुमच्या दोघींचे ते सारखे आहेत."

"पण दाखवताना तरी विचारायला पाहिजे ना, की हा कॅमेरा हिचाच आहे का?"

"पाहिजे." तो म्हणाला. "त्या एका ठिकाणी विचारलं जात नव्हतं."

"म्हणजे अजून कुणाकुणाचं असं झालंय?"

"ते सांगायची मला परवानगी नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि खरं सांगू का, आम्हाला कळतही नाही. आमच्या नोंदीत सगळं बरोबर दिसतं. नोंदीप्रमाणे तुम्ही रोज तुमचाच वाडगा बघत होता."

थोड्या दिवसांनी दुरुस्ती झाल्याचा एका ओळीचा मेल आला. मी दुकानातले दोन कॅमेरे घेऊन, प्लग काढून-घालून हवं तसं तपासलं. वाडग्याचा कॅमेराही वीज जाऊन आल्यावर मुद्दाम उघडून बघितला. पुन्हा खोली दिसली नाही. मालकांनी स्वतः होऊन एकेका गोदामवाल्याला फोन केला आणि काय झालं होतं ते सांगितलं. दोघांनी कॅमेरे काढून टाकले. बाकीच्यांनी ऐकून घेतलं.

अब्बा दवाखान्यातून घरी आल्यावर मी आणि आबा एसटीनं अंबडला गेलो. ती हैदराबादहून आली होती. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. ती खोली मला पाठ होती. पण मी ती वरून, कोपऱ्यातून बघितली होती. आता समोरून बघताना सगळं उलटं वाटत होतं. काळा कोट तिथेच होता. ते पूर्वी कोर्टातल्या वकिलांचे कोट शिवायचे, आणि हा एक कुणी न्यायला आलाच नव्हता.

आबा पलंगाशी खुर्ची ओढून बसले. दोन म्हातारे एकमेकांकडे नुसते बघत होते. मग अब्बा म्हणाले, "तुमचा आवाज लई मोठा आहे म्हनतात."

"मेंढराच्या मागं हिंडलेला मानूस," आबा म्हणाले, "आवाज लागतोच."

चहा झाला. ती मला हळूच म्हणाली, "अब्बा को और कौन कौन देखा होगा, तुमकू मालूम क्या?" नोंदींबद्दल इंजिनिअर काय म्हणाला होता तेवढं मी तिला सांगितलं.

अब्बा ऐकत होते. ते म्हणाले, "त्या पोरीला पन विचारा ना. ती आता बोलत न्हाई."

"कोणती पोरगी?" मी विचारलं. मला वाटलं माझ्याबद्दलच बोलताहेत.

"तुमच्या आधीची. छोटी बच्ची. नाना म्हनायची मला. नाना, बघा हं, करके. मंग पाढे म्हनायची. मराठीत. मी ऐकायचो. चुकली तर सांगायचो, ती पुन्हा म्हनायची." ते मुलीकडे वळले. "मेरेकू लगा तेरे पड़ोस की कोई बच्ची है. तू उसकू बुलवाती."

तिचा चेहरा उतरला. "अब्बा, मेरे पड़ोस में कोई बच्ची नहीं है."

कोपऱ्यात वर तो कॅमेरा होता, त्याचा छोटा हिरवा दिवा लागलेला. मी विचारलं, तिचा आवाज शेवटचा कधी आला. ते म्हणाले, पडले त्याच्या थोडं आधी. त्या दिवशी ती बाराचा पाढा म्हणत होती, मध्येच वीज गेली.

जालन्याला परतल्यावर मी त्या इंजिनिअरला मेल केला की कुणा तिसऱ्याच्या कॅमेऱ्याचेही शेवटचे आकडे तेच आहेत, शोधा. उत्तर आलं की हे प्रकरण बंद झालेलं आहे. त्याचा फोन नंबर लागला नाही. आमच्या दुकानातून गेलेल्या कॅमेऱ्यांचे नंबर मी एकूण एक बघितले. तसा एकही नव्हता. ती कुठल्या गावची, तिच्या स्क्रीनवर काय दिसत होतं, अनोळखी खोली आणि कोट बघून ती घाबरली कशी नाही, मला अजून माहीत नाही.

अंबडहून परतताना एसटीत आबा खिडकीशी बसले होते. मग म्हणाले, "आपल्या वाडग्यात बी अजून कोन कोन बोललं असंल. म्या रानात गेल्तो तव्हा."

"आता नाही होत तसं, आबा."

"आता न्हाई. पन आधी." ते बाहेर बघत होते. "मेंढरं एकाएकी कान टवकारून उभी राहायची. म्या म्हनायचो, लांडगा आला का काय."

मी त्यांना विचारलं, कॅमेरा काढून टाकायचा का. त्यांनी बराच विचार केला. "राहू दे," म्हणाले. "स्पीकर तेवढा बंद कर." दुसऱ्या रविवारी जाऊन मी तो बंद केला. आता दुपारी आई फोन घेऊन वाडग्यात जाते आणि आबा फोनवर बोलतात. आठवड्यातून एकदा ते अंबडलाही फोन लावायला सांगतात. अब्बा कुबडी घेऊन चालतात. त्यांनी त्यांचा स्पीकर बंद केलेला नाही; त्या पोरीचा बाराचा पाढा अर्धा राहिलाय, म्हणतात.